काळ्या मातीतल्या प्लॉटचं कुंपण

जळगाव

प्रिय किशोर,

सप्रेम नमस्कार. अमळनेरच्या प्लॉटला कुंपण करायचं म्हणतोस, तर दर विचारत फिरण्याआधी खालची माती बघ. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आवळून भेगाळते. उथळ पायावरची विटांची भिंत या ओढाताणीत तडकतेच. मुरूम लागेपर्यंत पाया, आठ-दहा फुटांवर कॉलम आणि त्यांना जमिनीलगत बांधणारा काँक्रीटचा आडवा पट्टा, म्हणजे प्लिंथ बीम, घेतलास तरच ती टिकेल, पण मग पैशाचा मोठा वाटा जमिनीखालीच जातो. रेडीमेड सिमेंटच्या फळ्यांचं कंपाउंड झटपट उभं राहतं, मात्र खांब उथळ पुरले तर ते कलतात, आणि मे-जूनच्या वादळात सलग फळ्या सगळा वारा अंगावर घेतात. म्हणून माझं स्पष्ट मत लोखंडी अँगलचे (L आकाराच्या पट्टीचे) खांब आणि तारेची जाळी, असं आहे. वारा आरपार जातो, एखादा खांब हललाच तर तेवढाच काढून बसवता येतो. पुढच्या बाजूला भिंत हवीच असेल तर ती नंतर सवडीने बांध. तिच्या उंचीला मर्यादा असते, ती नगरपालिकेत विचारून घे.

पहिला खर्च हद्द कायम मोजणीचा धर. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज कर आणि शेजाऱ्यांच्या समक्ष खुणा करून घे. कुंपण एक फूट पलीकडे गेलं तर सगळं उपटावं लागतं, शिवाय कायमचा वाद.

आता हिशेब. ३० बाय ५० चा प्लॉट, घेर १६० फूट. कोपऱ्याला १० फुटी गेट वगळून १५० फूट जाळी, म्हणजे ५० फुटी ३ बंडलं. दोन खांबांत ८ फुटांपेक्षा जास्त अंतर नको, त्या हिशेबाने २२ खांब लागतात. ५ फूट वर, २ फूट काँक्रीटमध्ये, असा प्रत्येक खांब ७ फुटांचा. तिन्ही कोपऱ्यांना दोन-दोन आणि गेटशेजारच्या दोन्ही टोकांना एकेक, असे ८ तिरपे टेके हवेतच. कंत्राटदार नेमके तेच वाचवतो आणि जाळी ताणली की कोपऱ्याचा खांब आत झुकतो. टेका ६ फुटांचा धरला तर एकूण २०२ फूट अँगल. ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरचा अँगल मीटरला ३ किलो भरतो, म्हणजे १८५ किलोच्या आसपास.

जाळी घेताना वजन केल्याशिवाय पैसे देऊ नकोस. ५ फूट उंच, ३ बाय ३ इंची भोकांचं, १० गेजचं (गेज म्हणजे तारेची जाडी, आकडा वाढला की तार पातळ) बंडल साधारण ४४ किलो भरतं. १२ गेजचं ३० किलोच्या आतच. दिसायला दोन्ही सारखीच, पण पातळ तारेवर पोरं चढली की ती झोळ धरते. वर, मध्ये आणि खाली अशा तीन ओळींत ८ गेजची ताण तार घे, १५ किलो पुरेल. दोन बंडलं जोडताना कडा एकावर एक चढवू नयेत. टोकाची एक नागमोडी तार फिरवून बाहेर काढायची आणि दोन्ही कडांमधून पुन्हा ओवायची, जोड दिसतसुद्धा नाही.

खड्डे फूटभर रुंद, अडीच फूट खोल. तळाशी अर्धा फूट मुरूम ठोकून वर १:२:४ काँक्रीट, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी. टेक्यांचे खड्डे दीड फूट खोल चालतील. सगळं मिळून ५६ घनफूट, सिमेंट ११ गोण्या आण. काँक्रीटचा माथा जमिनीच्या जरा वर ठेवून चारी बाजूंना उतार दे. अँगल गंजतो तो नेमका तिथेच, बुडाशी पाणी साचून. रेड ऑक्साईड आणि रंग खांब उभे करण्याआधीच लाव. आठवडाभर पाणी मार, तोवर जाळी ताणायची नाही. त्यासाठी थंडीचे दिवस उत्तम. पावसात खड्डे भरतात आणि मे महिन्यात काँक्रीट पाण्यावाचून तडकतं.

गेटचा भार जाळीच्या खांबावर टाकू नकोस, त्याला वेगळे आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटचे, कॉलम लागतात. तो खर्च वेगळाच लिही.

कोटेशन घेताना दर किलोचा की फुटाचा, अठरा टक्के जीएसटी धरून की वगळून, खड्डे, वेल्डिंग, भाडं, हमाली कोणाकडे, हे लेखी मागून घे. फुटाच्या दरात गेज आणि खड्ड्याची खोली लपते. एकूण रकमेवर दहा टक्के वेगळे राखून ठेव. खोदताना जुना पाया किंवा पाण्याची लाईन लागली तर कामाला येतील.

मोजणी झाली की नकाशाचा फोटो पाठव, खांबांच्या जागा आखून देतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुभाष