नैरोबीहून, बाबांच्या राजीनाम्याविषयी

ती. आई आणि बाबांस सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही वाचनालयाच्या चिटणीसपदाच्या राजीनाम्याचं काढलंत आणि मागून आई म्हणाली, "काही देत नाहीत ते, नुसतं बोलतात." फोनवर तुम्ही दोघं एकदम सुरू होता, मग माझं बोलणं राहून जातं. म्हणून हे सविस्तर पत्र. माझं मत विचाराल तर द्या राजीनामा. आणि हे मत बनण्यात इथल्या एका माणसाचा हात आहे. जोसेफ मुरुंबी त्यांचं नाव, एकेकाळचे केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष.

वडील गोव्याचे व्यापारी, आडनाव झुझार्ते. आई इथल्या मसाई जमातीची. जन्म 1911 चा, रिफ्ट व्हॅलीतल्या एल्डामा रॅव्हाइनचा. वडिलांनी लहानपणीच शिकायला हिंदुस्थानात धाडलं, आधी बंगळूर, मग बेल्लारी. (आई, तुझ्या मामांची बेल्लारी!) तरुणपणी ते केनियात परतले आणि पुढे त्यांनी झुझार्ते सोडून आईकडचं मुरुंबी हे नाव लावलं. तेव्हा इथे गोरे वर, आशियाई मधे आणि आफ्रिकी तळाला अशी उतरंड होती. पगार ठरायचा त्यावर, राहायची वस्तीही त्यावरच. वडिलांचं नाव मिरवलं असतं तर एक पायरी वरची मिळत होती. त्यांनी आपण होऊन खालची घेतली. आईला हे आवडणार, माहीत आहे मला.

दहा वर्षं सोमालियात इंग्रजांच्या प्रशासनात नोकरी करून 1952 साली ते परत आले, आणि त्याच ऑक्टोबरात इथे आणीबाणी लागली. जोमो केन्याटांसकट (पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले ते) केनिया आफ्रिकन युनियन या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या संघटनेचे पुढारी एका रात्रीत आत गेले आणि संघटनेचं चिटणीसपद या नवख्या माणसाच्या गळ्यात पडलं. खटल्यासाठी वकील शोधा, बाहेरच्या जगाला बातमी द्या, सगळं त्यांच्याकडेच. पुढच्याच वर्षी देश सोडावा लागला. भारत, कैरो, मग लंडन. तिथे वसाहतींच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या मंडळींत सभा, पत्रकं, खासदारांच्या गाठीभेटी असं काम, आणि पोटासाठी मोरोक्कोच्या वकिलातीत नोकरी. 1962 मध्ये परतले. स्वातंत्र्यानंतर आधी राज्यमंत्री, मग परराष्ट्रमंत्री. नव्या देशाच्या परदेशांतल्या वकिलाती उभ्या करायच्या होत्या, आणि वकिलातीचं कामकाज आतून पाहिलेला माणूस मंत्रिमंडळात आयता मिळाला.

आता मुरुंबींच्या एका मित्राबद्दल. पियो गामा पिंटो, जन्म नैरोबीचा, घराणं गोव्याचं. मुंबईत असताना ते गोवामुक्तीच्या कामात पडले. पोर्तुगिजांची नजर वळली तसे इकडे आले आणि इथल्या लढ्यात उतरले. इंग्रजांनी त्यांना चार-पाच वर्षं स्थानबद्ध ठेवलं. बाबा, आपल्याकडे गोवामुक्तीची एवढी भाषणं होतात, 19 डिसेंबरला हारतुरे होतात, पण या माणसाचं नाव मी तिथे एकदाही ऐकलं नाही. नैरोबीत यावं लागलं. मुरुंबींचे हे अगदी जवळचे मित्र. 24 फेब्रुवारी 1965 रोजी पिंटोंना त्यांच्याच घराच्या फाटकाशी गोळ्या घातल्या. वय सदतीस. इंग्रजांच्या तुरुंगातून सुटलेला माणूस स्वतंत्र केनियात मारला गेला, आणि त्याचा मित्र त्याच सरकारात मंत्री होता.

मे 1966 मध्ये मुरुंबींना उपराष्ट्राध्यक्ष केलं. वर्षही पुरं झालं नाही, त्यांनी पद सोडलं. कारण दिलं प्रकृतीचं. खरं कारण पिंटोंचा खून आणि आजूबाजूला सुरू झालेली जमिनींची लूट, असंच इथले जुनेजाणते मानतात, आणि मलाही तेच पटतं. त्यांच्या जागी डॅनियल मोई आले. ते पुढे चोवीस वर्षं राष्ट्राध्यक्ष राहिले.

मात्र मुरुंबी रुसून घरी बसले नाहीत. बाबा, इथे नीट वाचा. पुस्तकं, पोस्टाची तिकिटं, कापडं, मुखवटे, दागिने हे सगळं ते आधीपासून जमवत होते, आता त्याच्या मागेच लागले. 1972 साली ॲलन डोनोव्हन या अमेरिकी गृहस्थाबरोबर त्यांनी आफ्रिकन हेरिटेज नावाचं कलादालन काढलं. संग्रहाला परदेशातून मोठमोठ्या मागण्या आल्या, तरी दिला केनिया सरकारलाच. नुसती 1900 पूर्वी छापलेली पुस्तकं आठ हजारांवर! आज तो संग्रह राष्ट्रीय दफ्तरखान्यात आहे. तळमजल्यावर त्यांच्या नावाचं दालन आहे. गंमत म्हणजे ती इमारत मोई अव्हेन्यूवर उभी आहे. बाहेरच्या रस्त्याला खुर्ची धरून बसलेल्याचं नाव, आत खुर्ची सोडलेल्याचा ठेवा. मी सुटीच्या दिवशी तिथे जाते तेव्हा शाळेची पोरं काचेला नाकं लावून मुखवटे बघत असतात.

1990 मध्ये ते गेले. सिटी पार्कमध्ये पिंटोंच्या कबरीजवळ जागा मिळावी अशी त्यांची इच्छा होती, तशी मिळाली. (त्या बागेत माकडं फार. आई, तू आलीस की पर्स घट्ट धरायची.)

तर बाबा, नव्या कमिटीशी रोज हुज्जत घालून तुमचं बीपी वाढतंय. वाचक-कट्टा हवा का वातानुकूलित सभागृह, हे त्यांचं त्यांना ठरवू दे. तुम्हाला चिटणीसपद प्यारं नाही, ती जुनी कपाटं प्यारी आहेत, हे आईलाही ठाऊक आहे. राजीनाम्यात भांडणाचा एक शब्द नको, प्रकृतीचंच कारण लिहा. पण त्याच कागदावर एक मागणी घाला: जुनी मासिकं आणि गोवामुक्तीच्या काळातली वर्तमानपत्रं यांची यादी करण्याचं काम तुमच्याकडे असावं, पद-मानधन काही नको. नाही म्हणायला त्यांना तोंड राहणार नाही. फाटकी पानं मोबाइलवर टिपायची कशी ते मी डिसेंबरात आले की शिकवते. तोवर रद्दीवाल्याला आत घेऊ देऊ नका.

मसुदा आधी आईला दाखवा. तिने मान डोलावली तरच पाठवा.

तुमची,
सुमी