पोट्ट्यांच्या हातातला मोबाइल अन् शाळेचा ग्रुप

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या गावची शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत. लॉकडाऊनमधी अभ्यासासाठी व्हॉट्सॲप ग्रुप झाला तो अजून चालूच हाय, पण त्यात आता कोण कोण हाय हे कोणालेच ठाऊक नाही, ज्यायची पोरं कवाच हायस्कूलले गेली तेही तसेच पडून हायेत. स्नेहसंमेलन झालं की पोरींच्या नाचाचे फोटो, नावासकट, धडाधड ग्रुपवर. माह्या पोरीचा फोटो मले दुसऱ्या गावच्या माणसाच्या स्टेटसवर दिसला. गुरुजींले म्हटलं तर म्हणे कौतुकानं टाकला. कौतुक हाय बाप्पा, पण इचारा तं खरं!

चूक आपलीबी हाय. कापूस वेचणीच्या दिवसात मायबाप वावरात, पोट्टं घरी मोबाइलवर, गेममधी अनोळखी माणसाशी बोलते अन् आपल्याले पत्ता नाही.

२०२२ च्या जीआरनं शाळेत पोरापोरींच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती पाहिजे, आमच्याकडं तिचं नाव कोणी पालकानं ऐकलं नाही. पोक्सो, म्हणजे लहान पोरांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात तर असा गुन्हा माहीत असून पोलिसाले न कळवणं हाच गुन्हा हाय, तरी गावात 'बदनामी होईल' म्हणून दाबते. १०९८ चाइल्ड हेल्पलाइन अन् १९३० सायबर फसवणुकीसाठी, हे दोन नंबर शाळेच्या भिंतीवर सुविचाराच्या बाजूला रंगवाले किती खर्च येते? ग्रुपमधी फक्त चालू वर्गाचे पालक ठेवा, अन् फोटो टाकाच्या आधी इचारा.

– एक पालक, जि. यवतमाळ