उघड्या इंजिनावर फडकं ठेवणाऱ्या काकांना

काका, सादर नमस्कार.

समोर आभार मानायला गेलो तर 'गाडी चालली ना, झालं मग' म्हणून तुम्ही विषयच संपवलात. म्हणून हे पत्र, तेही चार लोकांनी वाचावं असं.

आमची जावा म्हणजे म्हैसूरच्या कारखान्यातली जुनी २५० सीसीची मोटरसायकल. गिअरचा दांडाच आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते, हे बघायला पोरं अजून गोळा होतात. क्लच न दाबता गिअर पडतो म्हटलं की त्यांना थाप वाटते. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, आणि 'आता या गाडीत काही राम नाही' असं ऐकवणाऱ्यांना तेवढं कारण पुरतं.

दुखणं एकच. गाडी तापली की पिस्टन जाम. तुमच्याआधी जिथे नेली तिथे दोन मिनिटांत निदान तयार: बोअर मारा, म्हणजे सिलिंडर आतून कोरा, आणि ओव्हरसाइज पिस्टन टाका. टाकला. पुन्हा जाम. मग वर 'तुम्ही ऑइलच कमी घालता' हे ऐकून घ्यायचं. पेट्रोलमध्ये ऑइल मी मापाने घालतो हो, पण सांगता कोणाला! एका नावाजलेल्या ठिकाणी क्रोम असं चमकवून दिलं की त्यात बघून भांग पाडावा, इंजिन मात्र होतं तसंच. तिथे बॅरल, म्हणजे सिलिंडरच, उतरवून गाडी कित्येक दिवस तशीच पडली होती, शेजारी ग्राइंडर चालू. क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्या, उघड्या तोंडात काय काय गेलं असेल देव जाणे. बोललो तर उत्तर मिळालं, 'धुऊन काढू की!'

तुम्ही इंजिनाला आधी हातच लावला नाही. गाडी चालू करायला लावलीत. ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन रेसच राहतंय, हे कान देऊन ऐकलंत. प्लग काढून त्याचं पांढरंफटक टोक बघितलंत आणि म्हणालात, "कुठून तरी हवा ओढतेय. कुठून ते अजून कळलं नाही. उद्या सांगतो." इतक्या जणांत 'कळलं नाही' म्हणणारे तुम्ही पहिलेच. तिथेच माझा जीव भांड्यात पडला.

निघाला डायनामोकडचा ऑइल सील, म्हणजे क्रँककेसमध्ये हवा शिरू नये म्हणून बसवलेली रबरी कडी. वर्षानुवर्षं गाडी उभी राहून रबर कडक झालेलं, तडकलेलं. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमध्ये शिरतं. तिथे बाहेरची हवा घुसली की पेट्रोल कमी पडतं, त्याच्याबरोबर येणारं ऑइलही कमी पडतं, मग पिस्टन धरणार नाही तर काय होणार? तुम्ही तो सील माझ्याच बोटांनी दाबायला लावून हे समजावलंत. एवढ्याशा रबरापायी सिलिंडर फुकट कोरला गेला, याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

तरी मनात घर करून बसलंय ते वेगळंच. त्या दुपारी बॅरल आणि पिस्टन उतरवून झाले होते. मी निघालो आणि हेल्मेट राहिलं म्हणून परत फिरलो. तुमची पाठ होती. जेवायला जायच्या आधी तुम्ही कपाटातून धुतलेलं, घडी घातलेलं सुती फडकं काढलंत, एकदा झटकलंत, आणि क्रँककेसच्या तोंडावर, कनेक्टिंग रॉडच्या भोवतीने, झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण सारखं करावं तसं सारखं केलंत. कडा बोटाने आत खोचल्यात. पिस्टन पिनचे सर्क्लिप एका डबीत टाकून तिचं झाकण लावलंत. मग दिवा मालवून गेलात. मी हेल्मेट न घेताच बाहेर आलो, कारण घसा दाटला होता आणि तुमच्यासमोर ते बरं दिसलं नसतं.

हुशार माणसं पुष्कळ भेटतात. दुसऱ्याची वस्तू अर्धी उघडी असताना तिला सांभाळणारी कमी. मग तो मेकॅनिक असो, डॉक्टर असो की शिंपी. माणूस कसा आहे ते तो काम अर्धवट ठेवून जेवायला कसा जातो त्यावरून कळतं, असं माझं आता ठाम मत झालंय. त्या क्रोमवाल्यांचा परवा फोन आला होता, आमच्या कामाबद्दल दोन शब्द लिहा म्हणे. 'फडकी घ्या' एवढे दोनच शब्द लिहून पाठवले. कळले असतील असं वाटत नाही.

सध्या रनिंग-इन, म्हणजे जोडलेलं इंजिन हळूहळू रुळवणं, चालू आहे. तुम्ही सांगितलंत तसं ऑइल किंचित जास्त घालतो, दामटत नाही, चढावर इंजिन कण्हायच्या आत गिअर खाली घेतो. तापली तरी मजेत चालते. हेडलाइट मात्र गाडी स्लो झाली की मंदावतो. सहा व्होल्टचं तेवढं चालायचंच असं तुम्ही म्हणाला होतात, पण मला डायनामोतल्या कार्बन ब्रशचा संशय येतोय. डायनामोचं झाकण मी उघडलेलं नाही, तुमच्यासमोरच उघडीन. या रविवारी आलो तर चालेल ना?

आपला,
जावावाला