मागच्या हौद्यात कोणी बसायचे नाही

दारव्हा,
दि. २१ नोव्हेंबर

प्रिय गजानन,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत तुझे पत्र आले आणि मी अजून उत्तर दिले नाही, याची फार लाज वाटते. प्रकृतीचे म्हणशील तर आईची कंबर आहे तशीच आहे आणि माझी साखर आटोक्यात आहे. आज लिहायला बसलो तो गुरुवारी पांदणीत जे घडले त्यामुळे. तुझ्याशिवाय ते दुसऱ्या कोणाला सांगून कळणार नाही.

आपली जुनी कार आता रस्त्यापेक्षा गॅरेजमध्ये जास्त असते आणि मालासाठी दर वेळी भाड्याचे पिकअप शोधावे लागते. दोन्हींच्या जागी एकच गाडी घ्यावी, असे वर्षभर मनात घोळत होते. शेजारच्या गावातल्या एका बागायतदाराला त्याचे पाच आसनांचे पिकअप विकायचे आहे. पुढे कारसारखी केबिन, मागे उघडा हौदा. ‘आठ दिवस चालवा, मग सांगा,’ म्हणून त्याने किल्लीच हातावर ठेवली. खासगी म्हणून पांढऱ्या पाटीवर नोंदलेली असल्यामुळे पंधरा वर्षे पासिंगची कटकट नाही. मालवाहू गाडीला पहिली ८ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंगला न्यावे लागते, हे तुझ्या भाच्याच्या पिकअपमुळे तुला ठाऊकच आहे.

स्टिअरिंगवर बसले की कारच वाटते, हे मी मान्य करतो. पण गाडी खालून ट्रकच आहे. चेसीच्या लोखंडी सांगाड्यावर बॉडी बसवलेली आणि मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांचे पाटे. पाटे ओझ्यासाठी असतात. हौदा रिकामा असला की ते दबतच नाहीत आणि प्रत्येक खड्डा थेट मणक्यात पोचतो. आईला यवतमाळला दवाखान्यात नेले तेव्हा मागच्या सीटची पाठ इतकी ताठ, की तिला रेलताच येईना. लाडखेड यायच्या आधीच तिने दोन्ही हातांनी समोरची सीट घट्ट धरली होती आणि तोंडाने चकार शब्द काढत नव्हती, हे मला आरशात दिसत होते. परतताना गुरांसाठी सरकी ढेपेची पाच पोती हौद्यात टाकली, तेव्हा कुठे गाडी शांत झाली. म्हणजे आईला सुखाने न्यायचे असेल तर सोबत ढेप न्यावी लागेल. तू हसशील, पण आई हसली नाही.

लांबीचे वेगळेच. टोयोटाच्या हायलक्ससारखे पिकअप ५ मीटर ३२ सेंटीमीटर भरते आणि आपली नेहमीची बोलेरो चार मीटरच्या आत बसते. हेही जवळजवळ हायलक्सएवढेच आहे. आपल्या वाड्याच्या फाटकातून ते एका दमात आत येत नाही. शाळेच्या आवारात मुख्याध्यापकांची आणि माझी अशा दोन गाड्यांची जागा मी एकटाच अडवतो. आणि एवढे करून माल किती? बोलेरो पिकअप सतराशे किलोपर्यंत नेते, याच्या आरसी बुकात त्याहून कितीतरी कमी आकडा आहे. सोयाबीनचे कट्टे वजनाने आधीच हद्द गाठतात, कापूस वजनाला हलका पण पाच फुटी हौद्यात मावत नाही. वर्षातले वीस-पंचवीस दिवस माल, उरलेले सगळे दिवस शाळा, बाजार आणि दवाखाना, असा माझा हिशोब आहे. अशा माणसाला ही गाडी रोजची म्हणून परवडत नाही, असे मी बुधवारी रात्री आईला सांगूनही टाकले होते.

तुझ्या थोरल्याला मेलबर्नला मी याबद्दल विचारले होते, तर त्याने मोठी छान गोष्ट कळवली. तिकडच्याच एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिले होते, की रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरे बाजाराला नेता येतील अशी एकच गाडी आम्हाला द्या. लू बँड्ट नावाच्या तरुण आरेखकाने ती आखली आणि १९३४ मध्ये ती जिलाँगच्या कारखान्यातून निघाली. पुढून कार, मागून हौदा, पण बसकी आणि कारसारखीच. होंडाची रिजलाइन किंवा फोर्डची मॅव्हरिक ही त्याच जातीची; त्यांना वेगळी चेसी नसते, अंग कारचेच असते. तसली गाडी आपल्याकडे मिळत नाही. तिकडेही फोर्डने २०१६ मध्ये आणि होल्डन कंपनीने २०१७ मध्ये ती बसकी गाडी बनवणे थांबवले आणि लोक उंच पिकअपकडे वळले. त्या बाईने मागितले तेच मी मागतो आहे, एवढेच मला वाटले.

आता गुरुवारचे सांगतो. वेचणी सुरू आहे. अवकाळी पावसाने पांदणीत पोटरीइतका चिखल झाला होता. भाड्याचे पिकअप फाट्यावरूनच परत गेले. ही गाडी मात्र चारही चाकांना ताकद दिल्यावर काळ्या मातीतून सरळ वावरात गेली. संध्याकाळी परत निघालो. नाल्याच्या वळणावर सहज आरशात पाहिले, तर वेचणीच्या नऊ बाया हौद्यात, दोघी कडेवर बसलेल्या. मी गाठोडी बांधत असताना त्या केव्हा चढल्या, मला कळलेच नाही. माझा पाय ब्रेकवर गेला आणि हात थरथरू लागले. ते वळण कोणते, हे तुला लिहायला नको. सोनामावशी अजून तशीच चालते.

मी सगळ्यांना खाली उतरवले. त्या रागावल्या, ‘मास्तर, रोज तर टेम्पोत जातो ना आम्ही,’ म्हणाल्या. मग मी चौघी-चौघींना केबिनमध्ये बसवून तीन फेऱ्या केल्या. बसण्याआधी प्रत्येकीने चिखलाच्या चपला काढून हातात घेतल्या, सीटला ओचा लागू नये म्हणून तो गोळा करून मांडीवर धरला, आणि फाट्यापर्यंत कोणी पाठ टेकली नाही. कापसाची गाठोडी मागे, माणसे पुढे, असे आपल्या पांदणीत मी पहिल्यांदा पाहिले. माझी कार त्या चिखलात गेलीच नसती.

तेव्हापासून मला झोप नाही. ‘बसा मागे, काही होत नाही,’ हे त्या पोळ्याच्या संध्याकाळी तू म्हटलेस की मी, यावरून आपण दोन वर्षे एकमेकांशी बोललो नाही. गजानन, ते मीच म्हटले होते. मला तेव्हाही ठाऊक होते.

म्हणून विचारतो. रोजच्या वापराला ही गाडी चुकीची आहे, यावर माझे मत बदललेले नाही. पण वर्षातल्या त्या वीस-पंचवीस दिवसांत ती जे करते ते दुसरी करत नाही. आणि उघडा हौदा दारात उभा राहिला, की कोणीतरी त्यात बसणारच, ही भीतीही आहे. मी शाळेत असताना ती भाऊ चालवेल, तेव्हा बायांना कोण उतरवील?

तुझ्या बदलीचे काय झाले, आणि धाकटीचा बी.एड.चा निकाल लागला का, ते कळव. वहिनींना नमस्कार.

मालकाला पाच तारखेपर्यंत उत्तर द्यायचे आहे. त्याआधीच्या रविवारी वर्ध्याहून सकाळच्या एसटीने ये. गाडी तू चालव, मागच्या सीटवर मी बसतो.

तुझा,
मधुकर