उमेदवाराची पार्श्वभूमी कळते, वाटचालही कळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विधानसभेची निवडणूक जवळ आली की उमेदवारांची परिचयपत्रके घरोघरी येऊ लागतात आणि त्यांतले पहिले वाक्य बहुधा ठरलेलेच असते : ‘सामान्य शेतकरी कुटुंबात जन्म, लहानपणापासून समाजकार्याची आवड’. वृत्तपत्रेही उमेदवाराची ओळख करून देताना पुष्कळदा तेवढ्यावरच थांबतात. जन्म कोणत्या घरात व्हावा हे कोणाच्याच हाती नसते. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे त्या माणसाने कशात घालवली, हे मतदाराला कळायला हवे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

दिवंगत आर. आर. पाटील यांच्याविषयी बोलताना अंजनी गावातले कष्टाचे बालपण आणि ‘कमवा व शिका’ योजनेतून घेतलेले शिक्षण यांचा उल्लेख आवर्जून होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण १९९० मध्ये तासगावातून विधानसभेवर निवडून येण्याआधी ते १९७९ पासून सांगली जिल्हा परिषदेचे सदस्य होते, ही गोष्ट ओझरती सांगितली जाते. पुढे ग्रामविकासमंत्री म्हणून त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान हाती घेतले, तेव्हा गावगाड्याचा कारभार कुठे अडतो हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. त्या अभियानाचे मूळ मला गरिबीपेक्षा जिल्हा परिषदेतल्या त्या अकरा वर्षांत अधिक दिसते. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून सार्वजनिक कामात उतरलेल्या मृणाल गोरे यांचेही तसेच : आधी गोरेगावची ग्रामपंचायत, १९६१ मध्ये मुंबई महानगरपालिका आणि मग १९७२ मध्ये विधानसभा.

उमेदवारी अर्जासोबत नमुना २६ मध्ये जे शपथपत्र द्यावे लागते, त्यात फौजदारी प्रकरणे, मालमत्ता, कर्जे, शिक्षण आणि व्यवसाय यांची माहिती असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ मधील निकालांमुळे मतदाराला हा हक्क मिळाला आणि त्याचे मोल मी मुळीच कमी लेखत नाही. मात्र सार्वजनिक काम कोणते केले, यासाठी त्यात रकाना नाही. ती नोंद अन्यत्र असते.

मी नोकरीची बहुतेक वर्षे ग्रामसेवक म्हणून काढली आणि मासिक सभांची इतिवृत्ते स्वतःच्या हाताने लिहिली. प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे लिहावी लागतात. एका गावात दलित वस्तीकडे जाणारी पाण्याची जलवाहिनी अर्धवट पडली होती. पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका सदस्य ताईंनी तो विषय लागोपाठ सात सभांमध्ये मांडला; सातही वेळा सूचक म्हणून त्यांचेच नाव माझ्या अक्षरात त्या वहीत आहे, आणि आठव्या सभेत काम पूर्ण झाल्याची नोंद आहे. त्याच वहीत असेही सदस्य आहेत, ज्यांच्या पाच वर्षांच्या कारकिर्दीची खूण म्हणजे हजेरीतली सही, तीही मधूनमधून. उद्या यांतले कोणी विधानसभेला उभे राहिले, तर दोघांच्याही पत्रकात ‘समाजकार्याची आवड’ हेच शब्द येतील!

सगळेच उमेदवार स्थानिक संस्थांतून येत नाहीत, याची मला कल्पना आहे. कोणी कामगार संघटनेत राबलेले असते, कोणी शाळा चालवलेली असते, कोणी वकिली करताना अडल्यानडल्यांचे खटले लढवलेले असतात. त्या कामाचाही माग काढता येतोच. ज्यांच्यासाठी ते केले, ती माणसे त्याच मतदारसंघात राहत असतात.

म्हणून आपणास विनंती आहे की, यापुढे उमेदवारांचा परिचय छापताना आपल्या वार्ताहरांना पंचायत समिती, जिल्हा परिषद किंवा नगरपालिकेची इतिवृत्ते पाहण्यास सांगावे, आणि उमेदवार पूर्वी सदस्य असल्यास त्याची उपस्थिती व त्याने मांडलेले ठराव मालमत्तेच्या आकड्यांशेजारी द्यावेत. जेथे असे काहीच आढळणार नाही, तेथे ‘नोंद आढळली नाही’ एवढे छापले तरी चालेल.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त ग्रामसेवक