रंगाच्या आधी पॉलिसी बघ

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तू घेतेयस त्या जुन्या गाडीचे फोटो पोचले. गाडी दिसायला झकास आहे, त्यात वाद नाही. 2018 ची पेट्रोल, सिंगल ओनर, 38 हजार रनिंग, 'नॉन-अ‍ॅक्सिडेंट', आणि शनिवारपर्यंत टोकन आलं नाही तर दुसरं गिऱ्हाईक तयारच. हे दुसरं गिऱ्हाईक मी अख्खी नोकरी ऐकत आले. बाबा म्हणतायत, मी येतो आणि इंजिनचा आवाज ऐकून सांगतो. येऊ देत, तेवढीच तुझी भेट होईल. पण मला आधी कागद हवेत. विमा कंपनीत मोटार क्लेमच्या टेबलावर बसून एवढं कळलं, की पत्रा आणि रंग आठवड्यात नवा होतो, कागदांचा मेळ मात्र कुठेतरी चुकतोच.

तू नंबर प्लेट नीट बघितलीस का? एमएच-09. म्हणजे कोल्हापूर पासिंग. 2018 ला पासिंग झालेली गाडी ऑगस्ट 2019 मध्ये बहुधा तिकडेच असणार. तेव्हा तू पुण्यात होतीस, तुला बातम्या दिसल्या. इथे सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती, आणि तिकडे पंचगंगेच्या पाण्याने शिरोलीपाशी हायवे बंद पडला होता. पाणी ओसरल्यावर आमच्याकडे क्लेमच्या फायली ठेवायला जागा नव्हती.

बुडालेल्या गाडीचं पुढे काय होतं ते सांगते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते. मालकाला पैसे मिळतात आणि गाडी साल्व्हेज, म्हणजे भंगार, म्हणून विकली जाते. आर.सी. रद्द झाली नसेल तर तीच गाडी धुऊन, वाळवून, नवी सीटकव्हरं घालून दुसऱ्या शहरात विकायला उभी राहते. सगळ्या एमएच-09 गाड्या बुडाल्या नव्हत्या, हे मलाही कळतं. विचारायला काय जातं?

म्हणून पॉलिसी माग. वर्षभर क्लेम घेतला नाही की नूतनीकरणाला नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यात सूट, मिळते: पहिल्या वर्षी 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि सलग पाच वर्षं झाली की 50. एक क्लेम झाला की तो शून्यावर येतो. बोनस जपणारं अ‍ॅड-ऑन घेतलेलं असेल तर गोष्ट वेगळी, तेही पॉलिसीवर लिहिलेलं असतं. आता गंमत बघ. 2019 ला क्लेम घेतलेल्या माणसाचा बोनसही एव्हाना परत 50 वर पोचलेला असेल. तेव्हा मालकाने या वर्षीची पॉलिसी दाखवून 'बघा, पन्नास टक्के' म्हटलं तरी हुरळून जाऊ नकोस. 2019 ते 2022 च्या पॉलिस्या माग. 2021 चा पूरही त्यातच येतो. मेलमध्ये शोधल्या तर त्याला सापडतील. मध्येच बोनस शून्य दिसला, किंवा एखादं वर्ष विमाच नाही, किंवा नुसती थर्ड पार्टी (स्वतःच्या गाडीचं नुकसान न भरणारी) आहे, तर कारण विचार. कारण साधंही असू शकतं. बंपर फुटला म्हणून क्लेम घेणारे खूप असतात. उलट काही लोक बोनस वाचवायला मोठं काम खिशातून करतात, ते पॉलिसीत कुठेच दिसत नाही. म्हणून बाबांना येऊ देत.

त्यांनी आवाजाच्या आधी हे बघावं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढायचा. तळाशी चिखलाची रेघ असेल तर ती सहसा कुणी धुतलेली नसते. सीटच्या रुळांवरचा गंज, कार्पेट उचलून खालचा पत्रा, डिकीत स्टेपनीखालचा खळगा. डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट थर. अपघातासाठी बॉनेटच्या बिजागऱ्यांचे आणि फेंडरचे बोल्ट बघायचे, पान्याने रंग उडालाय का. गाडीत सुगंधी डबी लटकत असेल तर काढून, काचा लावून थोडा वेळ आत बसायचं.

38 हजारांवर माझा आत्ता तरी विश्वास नाही. मीटर मागे फिरवणं अवघड राहिलेलं नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी गेली की प्रत्येक वेळी रीडिंग नोंदलं जातं. मालकाला बरोबर घेऊन जा आणि ती हिस्टरी काढ. नोंदी तीन वर्षांपूर्वी थांबल्या असतील तर पुढचं सगळं हवेत. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. वर्ष पासिंगच्या बरंच पुढचं निघालं, तर इतक्या कमी रनिंगच्या गाडीला दुसऱ्यांदा टायर का लागले, हा प्रश्न वाजवी आहे. ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय का तेही बघ.

सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून ओनरचा क्रमांक, पीयूसी, विम्याची मुदत हे सगळं बघितलं असशीलच. एच.पी.च्या, म्हणजे गाडीवरच्या कर्जाच्या, जागी बँकेचं नाव असेल तर ते आधी उतरवायला लाव. त्यासाठी बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 लागतो. ई-चलनही मालकालाच भरायला लाव. चॅसिस नंबर मात्र स्वतः गाडीवर वाच आणि आर.सी.शी ताडून बघ. आणि हो, मालकाची 50 टक्के सूट मालकाची आहे, गाडीची नाही. पॉलिसी नावावर करताना फरक तुलाच भरावा लागेल. त्यासाठी चौदाच दिवस असतात.

आता आपल्या गाडीचं. तू म्हणतेस, ही गाडी विकणाऱ्या डीलरलाच एक्स्चेंजमध्ये देऊ. द्यायला हरकत नाही. पण बाबा कोऱ्या टीटी फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या) सह्या करून मोकळे होतील, मी त्यांना ओळखते. आर.सी.वर ज्याचं नाव, त्याचीच जबाबदारी, मग गाडी कितीही हातांतून पुढे गेलेली असो, असा सुप्रीम कोर्टाचा 2018 चा निकाल आहे. उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं तर नोटीस आपल्या घरी येईल. एप्रिल 2023 पासून डीलरला आरटीओची परवानगी लागते आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म 29सी ने पोर्टलवर जाते. तो फॉर्म भरला जात नाही तोवर किल्ली द्यायची नाही, असं तूच बाबांना सांग. माझं ऐकत नाहीत. फास्टॅगही बंद करायचा आहे, नाहीतर दुसऱ्याचा टोल आपल्या खात्यातून जाईल.

डीलरने विचारलं की आमची गाडी कशी आहे, तर बाबांनी मिरजेजवळ डावा दरवाजा ठोकला होता आणि तो बदलून घेतलाय, हे सांगून टाक. त्यांना आवडणार नाही. किंमत पाच-दहा हजारांनी उतरेल, उतरू दे.

जुन्या पॉलिस्यांचे फोटो मला आज-उद्या पाठव. चष्मा लावून बसते. तोवर टोकनचा एक रुपयाही द्यायचा नाही, आणि त्याने 'पॉलिसी कशाला हवी मॅडम' असं विचारलं तर मला फोन लावून दे.

तुझी,
आई