पर्टिनॅक्स विलासी नव्हता

महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला रोमन सम्राटांवरचा लेख वाचला आणि झोप उडाली. भाषा ओघवती आहे, आणि अशा विषयाला आपण अर्धे पान दिलेत याबद्दल मनापासून आभार. पण ‘विलासी आणि विक्षिप्त सम्राट बुडाले, नीतिमान तरले’ हा जो निष्कर्ष लेखकाने काढला आहे, तो वाचून संताप आला. शाळेच्या परिपाठात सांगायला हे बरे आहे. इतिहास म्हणून छापायला नाही.

सम्राट गाल्बाचे काय करायचे मग? त्याच्या आधीच्या निरोला रक्षकदलाने, म्हणजे सम्राटाच्या खास अंगरक्षक फौजेने, सोडले ते त्याचे गाणेबजावणे असह्य झाले म्हणून नव्हे. त्यांचा प्रमुख निम्फिडियस सबिनस याने गाल्बाच्या नावावर प्रत्येक रक्षकाला 30,000 सेस्टर्स (रोमन नाणी) कबूल केले होते. साध्या सैनिकाला तेव्हा वर्षाला 900 सेस्टर्स मिळत, यावरून रक्कम केवढी होती ते कळेल. इसवी सन 68 च्या जूनमध्ये निरो गेला. सत्तरी ओलांडलेला, काटकसरी, जुन्या वळणाचा गाल्बा गादीवर आला आणि म्हणाला, मी सैनिक निवडतो, विकत घेत नाही. पैसे दिलेच नाहीत. 15 जानेवारी 69 रोजी ओथोला सम्राट म्हणून पहिली सलामी दिली ती अवघ्या 23 सैनिकांनी, आणि त्याच दिवशी भर फोरममध्ये, रोमच्या मुख्य चौकात, गाल्बाचे मुंडके उडवले. ओथो तीन महिने टिकला, त्याच्यानंतरचा व्हिटेलियस डिसेंबरात मारला गेला आणि व्हेस्पेशियन आला. एका वर्षात चार सम्राट. यात नीतीचा हिशेब कुठे बसतो, हे लेखकाने सांगावे.

मुळात गोम पहिला सम्राट ऑगस्टस याच्यापाशी आहे, आणि लेखात तिचा उल्लेखही नाही. त्याने राजा म्हणवून घेतले नाही. सिनेट ठेवली, पदे ठेवली, निवडणुकाही ठेवल्या, आणि एकेक अधिकार स्वतःकडे घेत गेला. कागदोपत्री राजाच नाही म्हटल्यावर राजाचा वारस कोण, याचा कायदा कसा लिहिणार? तो कधी लिहिला गेला नाही. मग सम्राट मेला की ज्यांच्या हातात तलवार, ते ठरवणार. इसवी सन 41 मध्ये कॅलिग्युलाच्या खुनानंतर पडद्याआड लपलेल्या क्लॉडियसला एका शिपायाने ओढून बाहेर काढले आणि रक्षकदलाने त्याला सम्राट केले. त्याने माणशी 15,000 सेस्टर्स कबूल केले. तिथून पायंडा पडला.

माझा राग केवळ कालच्या लेखावर नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका विद्यापीठाचे पदवीचे पेपर तपासायला जात असे. ‘रोमन सम्राटांच्या पतनाची कारणे लिहा’ हा नेहमीचा प्रश्न. सोबत आदर्श उत्तर दिलेले असायचे: विलासी वृत्ती, राज्यकारभाराकडे दुर्लक्ष, नैतिक अधःपतन. गठ्ठ्यातल्या ऐंशी टक्के उत्तरपत्रिकांत हेच तीन मुद्दे, त्याच क्रमाने. आणि त्यात एक उत्तरपत्रिका अशी निघाली की मी खुर्चीत सरसावून बसले. नाव झाकलेले, त्यामुळे मुलगा की मुलगी तेही कळायला मार्ग नव्हता. अक्षर किरटे, शुद्धलेखन यथातथा. पण त्या मुलाने (मी मुलगाच म्हणते) अख्खे उत्तर पर्टिनॅक्सवर लिहिले होते.

पर्टिनॅक्स हा मुक्त केलेल्या गुलामाचा मुलगा. आधी शिक्षक होता, मग सैन्यात गेला आणि चढत चढत वर आला. 31 डिसेंबर 192 ला सम्राट कॉमोडस मारला गेला आणि हा गादीवर बसला, तर खजिन्यात उरले होते जेमतेम 10 लाख सेस्टर्स. त्याने कॉमोडसच्या रथांचा, उंची वस्त्रांचा लिलाव पुकारला आणि रक्षकांना माणशी 12,000 कबूल केले. पण लूटमार बंद केली, शिस्त आणली. 28 मार्च 193 ला दोनेकशे रक्षक राजवाड्यात घुसले. पळायला वाव असताना हा म्हातारा त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला आणि बोलू लागला. काही क्षण त्यांनी माना खाली घातल्या, तलवारी म्यान केल्या. मग एक जण पुढे आला, ‘ही तलवार सैनिकांनी तुला पाठवली आहे’ म्हणाला आणि वार केला. त्याच्या बाजूने लढला तो एकटा एक्लेक्टस, महालाचा कारभारी. 87 दिवसांची सत्ता संपली.

त्यानंतर रक्षकांच्या छावणीत गादीचा जो लिलाव झाला ते त्या मुलाने बारकाईने लिहिले होते. पर्टिनॅक्सचा सासरा सल्पिसियानस आतून बोली लावतोय, डिडियस ज्युलियानस तटाबाहेरून. सल्पिसियानस माणशी 20,000 वर पोचला, ज्युलियानसने एकदम 25,000 म्हटले आणि साम्राज्य त्याला सुटले. दोन महिन्यांनी डॅन्यूबकडून सेप्टिमियस सेव्हेरस फौज घेऊन आला तेव्हा हाच ज्युलियानस मरताना विचारत होता, ‘मी काय वाईट केले? मी कोणाला मारले?’ उत्तर तिथे संपले होते.

मी दहापैकी नऊ गुण दिले. मॉडरेटरसाहेबांनी ते तीन केले. शेरा मारला: ‘कथन आहे, मुद्दे नाहीत.’ मी वाद घातला. म्हणाले, मॅडम, आदर्श उत्तराप्रमाणे चला, सगळ्यांना एकच न्याय. ज्याने त्या काळच्या इतिहासकार डिओ कॅसियसपर्यंत पोचण्याची धडपड केली, त्याला तीन. ज्यांनी गाइड पाठ केले, त्यांना सात. त्या मुलाने पुढे इतिहास घेतला की नाही, कोण जाणे. आज इतक्या वर्षांनी तेच तीन मुद्दे आपल्या पुरवणीत रंगीत छापून आल्यावर मी गप्प कशी बसू?

विलासी माणसे टिकत नाहीत म्हणता, तर आखाड्यात उतरून ग्लॅडिएटरांशी खेळणारा कॉमोडस बारा वर्षे कसा टिकला? त्याचे रक्षकदल खूश होते म्हणून. सेव्हेरसने हे ओळखले होते. रोममध्ये शिरण्याआधीच त्याने रक्षकांना निःशस्त्र बोलावून घेतले, वेढा घातला, सगळ्यांना बडतर्फ केले आणि आपल्या फौजेतली माणसे त्यांच्या जागी नेमली. 211 मध्ये यॉर्कला मरताना त्याने दोन्ही मुलांना सांगितले: एकोप्याने राहा, सैनिकांना श्रीमंत करा, बाकीच्यांची पर्वा करू नका. वर्ष सरायच्या आत थोरल्या कॅराकॅलाने धाकट्या गेटाला आईच्या मिठीत मारले आणि तडक छावणीत जाऊन पैसे वाटले. पुढे 217 मध्ये तोही आपल्याच माणसांकडून मारला गेला.

आणखी एक. लेखासोबत ‘निरो’ म्हणून जो संगमरवरी मुखवटा छापला आहे, त्याला टक्कल आहे, कपाळाला आठ्या आहेत. निरोच्या पुतळ्यांत कपाळावर दाट बटा असतात, मान जाड असते, आणि तो मेला तीस वर्षांचा. आपण छापलाय तो व्हेस्पेशियन. रोम जळत असताना निरो फिडल वाजवत होता हे वाक्यही लेखात आहेच. फिडल तेव्हा नव्हते आणि जुलै 64 मध्ये आग लागली तेव्हा निरो रोमबाहेर, अँटियम गावी होता. निदान या दोन गोष्टींची दुरुस्ती येत्या रविवारी, पुरवणीतच आणि वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापावी, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
निवृत्त इतिहास प्राध्यापिका, सांगली